कसरीनं खाल्लेलं पान

राजूरपासून धावड्यापर्यंत कुठं बी इचारा, माझ्यावानी पोथी वाचणारा दुसरा माणूस तुम्हाला भेटायचा न्हाई. एकवीस श्रावण मी गावची पोथी वाचली — आन् मला वाचता येत न्हवतं.

हसा. मी बी हसतो. पण हसून उठून जाऊ नका, कारण जे सांगायचं ते हे न्हाई. हे नुसतं दार आहे, घर आत आहे. जे आत आहे ते म्या बायकोला सांगितलं न्हाई, देवासमोर हात जोडून सुद्धा त्या कोपऱ्याकडं कव्हा बघितलं न्हाई. आज पहिल्यांदा चारचौघांसमोर तोंडातून काढून राह्यलो. लिहिता मला अजून धड येत न्हाई, म्हणून मी बोलतो आन् सून उतरवून घेती. मधीच तिचा हात थांबला तर समजा, तिला बी हे नवीन आहे.

मी रंगनाथ. गावात रंगूअण्णा म्हणतात. पिठाची गिरणी आहे माझी, येशीच्या आत डाव्या हाताला. शाळेत मी दीड दिवस गेलो. गणपती बी कुठं कुठं दीडच दिवस बसतो, त्याला कुणी अडाणी म्हणत न्हाई. मला म्हणतात. बराबर आहे, कारण मी अडाणी आहेच. पण अडाणी माणसाचा कान कसा अस्तो ठाव आहे का? जे पडलं ते आत चिकटून बसतं. लिहून ठेवायची सोयच न्हाई ना.

आमच्या गावात जुनी चाल आहे. श्रावण लागला की मारुतीच्या देवळात दुपारची पोथी लागती. जेवणं झाली, भांडी झाली की बायका येतात, म्हातारे येतात. एक जण वाचतो, वाचून अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ही पोथी कुणी रचली, तिचं नाव काय, कुणालाच ठाव न्हाई — पहिलं पान वाळवीनं कव्हाच खाल्लं. सुटी सुटी लांबट पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या, आन् वरून लाल फडकं. पण आत काय आहे ते गावाला ठाव आहे. ह्या देहात देव बसलेला आहे, तो कसा बसलाय, कुठं बसलाय, त्याच्याकडं कसं बघायचं — सगळी पोथी एवढ्याच वाटेनं जाती. आमच्या बायका सहज बोलताना बी म्हणतात, ‘आतला देव बघून राह्यलाय.’ हे त्या पोथीमुळं.

वाचणारे बुवा व्हते. मी त्यांच्या शेजारी बसायचो. वाचून झालेलं पान घ्यायचं, पालथं ठेवायचं, एवढंच माझं काम. असे किती श्रावण गेले. पोथी माझ्या कानातून गेली आन् आत पाठ होऊन बसली, सगळीच्या सगळी. बुवा वारले. मंग गाव म्हणालं, आता रंगू वाचंल, त्याला येती.

येत तर व्हती. खोटं न्हवतं. पण गाव समजलं की मला वाचता येतं — आन् म्या ते समजू दिलं. तिथंच म्हणायला पाहिजे व्हतं ना, की बाबांनो, मला अक्षर ओळखू येत न्हाई, मी पाठ म्हणतो? काय बिघडलं असतं? काहीच न्हाई. उलट लोक म्हणाले असते, काय डोकं आहे. पण ते आसन — तुम्ही कव्हा उंच आसनावर बसला का? एकदा बसून बघा. उतराया लई जड जातं.

मंग म्या माझी तजवीज केली. कोणतं पान कव्हा पलटायचं हे मला डागावरून कळायचं. दुसऱ्या पानावर तेलाचा गोल. सातव्यावर हळदीचं बोट. अकराव्यावर बुवाच्या तपकिरीची रेघ. आन् तेविसाव्यावर कसरीनं, त्या कागद खाणाऱ्या किड्यानं, पाडलेलं भोक, बराबर राघूच्या चोचीएवढं. राजूरच्या चतुर्थीच्या जत्रेतून एक चष्मा आणला. तो लावला की समोरचं माणूस दोन-दोन दिसायचं. श्रोते वाढले म्हणून मला बरंच वाटायचं.

गिरणीत बी माझं असंच चालायचं. कुणाचा डबा कोणता, हे मी पोच्यावरून ओळखायचो. शेवंताबाईच्या डब्यावर तर तिचं नावच छापलेलं आहे असं मी वीस वर्षं समजून चाललो. पुढं वाचता आलं तव्हा कळलं, ते नाव न्हवतं. तिथं लिहिल्तं, ‘खाद्यतेल.’

बघा, मी परत हसवून राह्यलो. ही माझी खोड आहे. जिथं दुखतं तिथून मी लोकांना हसत हसत दुसरीकडं घेऊन जातो. आज न्हाई नेणार. आज तुम्ही बी माझ्या मागं येऊ नका, मला पुढं ढकला.

माझी पोथी लोकांना लई आवडायची. का? कारण मी अर्थ सांगताना असे नमुने द्यायचो की बायका पदर तोंडात कोंबायच्या. आन् खरं सांगू का — गावात एरवी मला कुणी माणसात धरत न्हवतं. लग्नाच्या बोलणीत मी तोंड उघडलं की लोक आधीच हसाया लागायचे. भावकीच्या बैठकीत माझं मत कुणी घ्यायचं न्हाई. फकस्त त्या आसनावर बसून, लाल फडकं सोडून, आवाज खाली नेला की गाव गप व्हायचं. त्या गप होण्याची मला चटक लागल्ती. तंबाखू सुटंल, ते न्हाई सुटणार.

पोथी सांगून राह्यली की आत बघ. मी बघत व्हतो बाहेर — कोण कोण बघून राह्यलं माझ्याकडं. गिरणीतून रोज गावाचं दळण जातं, पण गिरणीला भाकरीची चव कळती का? तसं माझं व्हतं. तोंडातून सगळी पोथी जायची आन् आत कणभर बी राहायची न्हाई.

आता आक्काचं सांगतो.

कौसाआक्का माझ्या गल्लीतली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मला रंग्या म्हणायचा हक्क तिनं कव्हा कुणाला इचारून घेतला न्हाई. तिच्या नवऱ्याला लकवा मारल्ता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सात वर्षं झाल्ती तव्हा त्याला. सात वर्षं आक्का त्याला कुशीवर वळवती, धुती, पुसती, भरवती. पाठीला एक फोड येऊ दिला न्हाई तिनं. गावात कुणी तिला दमली म्हणून बघितलं न्हाई. दुपारी त्याला निजवून एवढा एक तास ती पोथीला यायची, खांबाला टेकून डोळे मिटून बसायची. दिवसात तिचं असं काही असंल तर तो तास.

माझ्या वाचण्याचा तो नववा श्रावण. पोथी झाली, आरती झाली, फुटाणे वाटून झाले. बायका उठून चालल्या. आक्का उठली न्हाई. मी पोथी बांधत व्हतो. ती सरकत सरकत जवळ आली आन् हळू आवाजात सांगाया लागली.

म्हणली, सकाळी त्यांना पेज भरवत व्हते. अर्धी तोंडात, अर्धी मानेवरून खाली. पुसलं, परत भरवली, परत खाली. आन् तव्हा माझ्या मनात आलं की जा ना आता एकदाचे. तोंडातून न्हाई काढलं. मनात आलं फकस्त. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्यांना ऐकू गेलं.

मंग तिनं मला इचारलं. तिचा शब्द न् शब्द माझ्याजवळ आहे —

“रंग्या, पोथीत बघून सांग. असं मनात आलं तर आतला देव राहतो का जातो?”

भाऊ, आता तुम्ही मला सांगा. ह्याला काय अवघड उत्तर व्हतं का? कुणी बी म्हणालं असतं, आक्का, सात वर्षं झाली, तू माणूस आहे. अडाणी म्हणालं असतं, शहाणं म्हणालं असतं. मला सुद्धा तेच वाटलं, अगदी पहिल्यांदा तेच वाटलं. मंग तेच काहून न्हाई म्हणलो?

दारात अजून दोघी-तिघी उभ्या व्हत्या. चपला घालताना त्यांचे कान इकडं लागल्ते. आक्का म्हणल्ती, पोथीत बघून सांग. तर बघणं आलं. म्या बांधलेलं फडकं परत सोडलं. चष्मा लावला. एक पान काढलं, ते राघूच्या चोचीचं, कारण ते हाताला आलं. त्याच्यावर बोट फिरवलं. एका ओळीवर थांबलो, जसं काय सापडलंच. आन् मला आतून कळलं की आता गोड सांगितलं तर ह्या म्हणतील, रंगूअण्णा मनचं सांगून राह्यला, आक्काला बरं वाटावं म्हणून. कडक सांगितलं की ते पोथीतलं वाटतं. लोकांना असंच वाटतं, तुम्ही बघा. देव रागावला म्हणलं की पटतं, देव हसला म्हणलं की लोक पुरावा मागतात.

मंग म्या आवाज खाली नेला आन् सांगितलं, “लिहिलंय, आक्का. अशा मनातून देव उठून जातो. आन् उठलेला परत बसत न्हाई.”

हे आहे ते. हे मी सांगाया बसलो.

दारातल्या बायका गप झाल्या. मला जे पाहिजे व्हतं ते बराबर मिळालं. आक्का म्हणली, “बरं.” एवढंच. उठली, पदर सारखा केला, नवऱ्याकडं गेली.

आता म्हणाल, अण्णा, दुसऱ्या दिवशी सांगायचं व्हतं की चुकलं. दुसऱ्या दिवशी मी ठरवून आल्तो. खोटं न्हाई बोलत — म्हणजे आज न्हाई बोलत. पण आक्का तिच्या खांबाजवळ न्हवती. ती देवळाच्या बाहेर, पायरीवर, जिथं लोक चपला काढतात तिथं बसल्ती. तिथून ऐकत व्हती. मला वाटलं, उद्या येईल आत. मंग वाटलं, चार दिवसांनी इसरून जाईल. मंग श्रावण संपला. मंग पुढचा आला, आन् ती पायरीवरच.

बारा श्रावण. बारा श्रावण मी आसनावर आन् ती पायरीवर. ती पोथीला हात लावायची न्हाई. प्रसाद हातावर घ्यायची न्हाई, पदरावर घ्यायची आन् घरी नेऊन नवऱ्याला द्यायची. घरचा देव्हारा जावेच्या हवाली केला, दिवा तीच लावायची. नवरा पुढं चार वर्षं जगला. चारही वर्षं हिनं तसंच केलं, उलट जास्तीच केलं, जसं काय दंड भरून राह्यली. तो गेला तव्हा बायका रडल्या. आक्का रडली न्हाई. लोक म्हणाले, पोथी ऐकून ऐकून मन घट्ट झालं.

आन् मी काय करत व्हतो? थांबा, अजून आहे. मी आसनावरून तिचा नमुना द्यायचो. म्हणायचो, नम्रता कशी असावी तर कौसाआक्कासारखी, देवाच्या पायरीशी. माना डोलायच्या. मंग माझ्यातला जोकर उठायचा आन् म्हणायचा, आक्का बाहेर राखणीला बसती म्हणून आपल्या चपला चोरी जात न्हाईत. सगळं देऊळ हसायचं. एकदा न्हाई, दरसाली हसायचं. लोक त्या इनोदाची वाट बघायचे. आन् आक्का बी पायरीवरून थोडी हसायची. मला ते हसू दिसायचं, चष्म्यातून दोनदा दिसायचं. त्यानं मला काही व्हायचं का? व्हायचं. पण मी पुढचं पान पलटायचो.

हे असंच चाललं असतं. मी मेलो असतो आन् गावानं चांगला फोटो लावला असता. पण गावचा एक जण जालन्याला छपाईच्या दुकानात कामाला लागला. त्यानं देवाचं काम म्हणून सगळ्या पोथीचे फोटो काढून नव्या कोऱ्या पंचवीस प्रती छापून आणल्या. पांढरं शुभ्र पान, जाड अक्षर. त्यानं डाग बी पुसले, भोकं बी भरली. मधी गेलेली अक्षरं बुवाच्या घरी उतरवलेल्या वहीतून घेतली. त्यानं ती प्रत माझ्या हातात दिली तव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् मला माझं तेल बी दिसंना, हळद बी दिसंना. पाठ तर व्हती, तरून गेलो असतो. पण बाकीच्या प्रती शिकलेल्या सुनांच्या हातात. ओळीवर बोट ठेवून बसलेल्या सगळ्या. मी कुठलं पान धरून काय म्हणून राह्यलो, हे त्यांना एका मिनिटात कळणार.

घसा बसला म्हणून सांगितलं. दोन श्रावण झाले, माझा घसा अजून बसलेलाच आहे. आता सुना पाळीपाळीनं वाचतात, मला लोक वाईट वाटून घेऊ नका म्हणतात. जुनी पोथी म्या मागून घेतली, सांभाळतो म्हणलं.

घसा काहून बसला हे सुनीतानं, माझ्या सुनेनं, ओळखलं. तिनं मला एक दिवस गिरणीत नव्या प्रतीची एक ओळ दाखवली आन् म्हणली, मामा, हे काय आहे? म्या चष्मा शोधाया सुरुवात केली. ती म्हणली, चष्मा तुमच्या डोळ्यावर आहे. मंग ती हसली न्हाई. खडू आणला आन् गिरणीच्या पत्र्यावर पहिलं अक्षर काढलं.

शिकणं लई कठीण गेलं. का सांगू? मला सगळं पाठ. पहिलं अक्षर ओळखलं की जीभ घोड्यावानी पळायची आन् ओळ संपवून उभी. सुनीता म्हणायची, हे वाचणं न्हाई मामा. मंग तिनं पुठ्ठ्याला एक खिडकी पाडली. एका येळी एकच शब्द दिसंल एवढी. तो पुठ्ठा ओळीवर उलटा सरकवायची, शेवटाकडून सुरुवातीकडं, म्हणजे जिभेला वाट सापडू नये. साठीला आलेला माणूस मी. दळण संपलं की पट्टा बंद करायचा आन् खिडकीतून शब्द बघत बसायचं.

एक दिवस सकाळी खिडकीत आलं — आत.

आ आन् त. दोनच अक्षरं. हजार येळा म्हणलेला शब्द. पण तव्हा त्याच्या आगं-मागं काही न्हवतं. ना पुढची ओळ, ना माझा आवाज, ना समोर माणसं. तो शब्द तिथं एकटा उभा, आन् मी त्याच्यापुढं उभा. गिरणी बंद व्हती. म्या तो वाचला. मंग माझ्या ध्यानात आलं की वाचणारा मी आहे, आन् मी वाचून राह्यलो हे बघणारं बी कोणीतरी आहे, ते काही बोलत न्हाई, नुसतं आहे. ते आज आलेलं न्हवतं. ते दीड दिवसाच्या शाळेत बी व्हतं, आसनावर बी व्हतं. मी आक्काला खोटं सांगत व्हतो तव्हा बी ते तिथंच बसून बघत व्हतं, उठून गेलं न्हवतं. आधी मला वाटलं बीपी वाढला. पाणी प्यालो. तरी ते तिथंच.

तव्हापासून मी पोथी अशीच वाचतो. दिवसाला एक ओळ, कधी अर्धी. जल्दी न्हाई. आन् छातीवर हात ठेवून सांगतो, ह्या एका वर्षात मला त्या पोथीनं जे दाखवलं ते एकवीस वर्षांत न्हाई दाखवलं. पोथी तीच, देव तोच. फकस्त आधी मी तिला लोकांकडं तोंड करून धरत व्हतो.

वाचत वाचत राघूच्या चोचीच्या पानावर आलो. त्याच पानावर बोट ठेवून म्या ते सांगितल्तं ना. आता मला बघायचं व्हतं की तिथं खरं काय लिहिलंय.

तिथं लिहिलंय — मी माझ्या बोलीत सांगतो — की मनात चांगलं येईल, वाईट येईल, ते येणार आन् जाणार. ज्याच्यापुढून हे सगळं येतं-जातं तो मातर जागचा हलत न्हाई. वाईट आलं म्हणून तो रुसत न्हाई, चांगलं आलं म्हणून जवळ सरकत न्हाई. त्याला उठताच येत न्हाई, कारण त्याच्याबिगर दुसरी जागाच न्हाई.

हे मला पाठ व्हतं, भाऊ. हेच, शब्दाला शब्द. तिनं इचारलं तव्हा बी पाठ व्हतं. अर्ध्या तासापूर्वी तर म्हणून झालं व्हतं. उत्तर माझ्या तोंडात व्हतं आन् म्या दुसरंच थुंकलो.

आक्काकडं जायला तीन आठवडे लागले. तिचं दळण तीनदा मीच पोचवलं, तीनदा डबा ठेवून माघारी आलो. चौथ्यांदा सायकलच्या कॅरेजला डबा आन् पिशवीत जुनी पोथी. सकाळचं ऊन तिच्या वट्ट्यावर आल्तं. आक्का सुपात तूर निवडत बसल्ती. म्या खाली बसून सगळं सांगितलं. वाचता येत न्हवतं, डाग, चष्मा, दारातल्या बायका, सगळं. एक बी इनोद केला न्हाई. जन्मात पहिल्यांदा.

ती निवडत राह्यली. खडे बाजूला टाकत राह्यली. मंग सूप थांबलं.

“त्या दिवशी पान बघून सांगितलं का मनानं?”

“मनानं.”

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंग म्हणली, “ते पान दरसाली यायचं. मी पायरीवरून ऐकायचे. ऐकून वाटायचं, हे बाकीच्यांसाठी असंल. मपला निकाल तर येगळा लागलेला.”

मी तिच्या पायाला हात लावाया वाकलो. तिनं पाय मागं घेतले. रागानं न्हाई घेतले. जसं आपण शेरडू जवळ आलं की घेतो, तसे घेतले. म्हणली, चौदा वर्षं झाली, त्यातली चार ते व्हते. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्या कव्हा भरवलं न्हाई. मला वाटायचं, त्यांना दिसंल की आत कुणी न्हाई.

माफ कर म्हणाया तोंड उघडलं व्हतं, पण ते बी तिच्याकडून काही मागणंच झालं असतं. म्हणून मिटलं. ती आता देवळात कुठं बसती, दिवा कोण लावतं, हे मी तुम्हाला सांगणार न्हाई. ते तिचं आहे.

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आन् म्हणली, वाच ते पान.

म्या फडकं सोडलं. तेविसावं पान काढलं. बोट ठेवून वाचाया लागलो, एक एक शब्द, अडखळत, घाम पुसत. जिथं कसरीनं अक्षरं खाल्ली तिथं मी थांबलो, तर आक्कानं तो शब्द डोळे मिटून सांगितला. तिला बी अक्षर येत न्हाई. पुढं एका ओळीत माझा एक शब्द राह्यला, तो बी तिनं भरला. बारा श्रावण पायरीवर बसून तिची बी पाठ झाल्ती. पान संपलं. कुणाच्या समोर खरोखर वाचलेलं ते माझं पहिलं पान, भाऊ. छाती भरून आली. आवाज आपोआप खाली गेला, मी जरा ताठ बसलो आन् म्हणलो, तर आक्का, ह्याचा अर्थ असा की —

आक्कानं सूप परत मांडीवर घेतलं.

“रंग्या, तू वाच तेवढं. अर्थ सांगू नको.”